हम्मूदच्या बैठकीतला कॉफीवाला

फ्रेंच सरकारने शिब्लीचं वर्णन छापून गावोगावच्या भिंतींना चिकटवलं होतं. उंची सहा फुटांच्या वर, छाती रुंद, मिशा कानांपर्यंत, आवाज असा की घोडे बुजतात. आता हे वर्णन दिलं कुणी? शिब्लीने ज्यांच्या बंदुका काढून घेतल्या त्या शिपायांनी. ते बिचारे तरी काय करणार! एका बुटक्या, फेंगड्या, कंबर धरून चालणाऱ्या म्हाताऱ्याने आम्हा नऊ जणांना लुटलं असं सांगितलं असतं, तर साहेबाने त्यांनाच भिंतीपाशी उभं केलं असतं. म्हणून प्रत्येक हरलेल्या शिपायाने शिब्लीला दोन-दोन बोटं वाढवलं. त्यात आमच्या हौरानच्या डोंगरातल्या बायकांची गाणी. दीड वर्षाच्या बंडात शिब्ली इतका वाढला की खरा शिब्ली कुठल्या गावात शिरला तर लोक त्याच्या मागे बघायचे, मोठा कधी येतोय म्हणून.

खऱ्या शिब्लीची अवस्था सांगायची तर थंडीने कंबर धरलेली, खालच्या जबड्यात दोनच दात, आणि डावी मिशी शेकोटीवर वाकताना जळून गेलेली. बंड बंड म्हणतात ते काय असतं, तर दहा दिवस चालायचं, दहा दिवस उवा मारायच्या, आणि एकविसाव्या दिवशी पाऊण तास गोळ्या. गाण्यात फक्त तो पाऊण तास येतो.

तर झालं असं, की ऐन हिवाळ्यात डोंगरावर बातमी आली, तुर्फाला मुलगी झाली. दोन माणसं एकदम उठली. एक तुर्फाचा नवरा नायेफ, दुसरा तुर्फाचा बाप शिब्ली.

"दोघांनी एकदम तळ सोडायचा नाही," शिब्ली म्हणाला. "एकालाच जाता येईल."

नायेफने मान डोलावली आणि जोडे चढवायला घेतले. दुसरा जोडा पायात जाईपर्यंत सासरेबुवा घोड्यावर बसून उताराला लागले होते. म्होरक्या तो होता, त्याला कोण विचारणार!

चार दिवस शिब्ली व्याह्याच्या घरी होता. शेख हम्मूद म्हणजे गावचा पहिला माणूस. काळ्या दगडाचं घर, मोठी बैठक, बैठकीत पहाटेपासून कॉफीचं भांडं निखाऱ्यांवर. त्याच्या घरून कुणी कॉफी न पिता गेला नाही आणि त्याने दिलेला शब्द कधी खाली पडला नाही, या दोन गोष्टींवर हम्मूद सत्तर वर्षं ताठ चालत आला होता. शिब्लीशी मात्र त्याचं कधी जमलं नाही. व्याही ते व्याही.

"वर बंड गारठून मरतंय," हम्मूद त्या सकाळी म्हणाला, "आणि बंडखोर खाली बसून माझं तूप संपवतोय."

"तुझ्या तुपाला वास येतो," शिब्ली म्हणाला. त्याच्या मांडीवर नात होती. "नाहीतर कालच संपलं असतं."

"पोरीला नाक तुझं आलंय रे. कसं व्हायचं हिचं?"

"आवाज तुझा आलाय. नाकाचं निभून जाईल एक वेळ."

बैठकीतले सात-आठ म्हातारे हसले. तेवढ्यात अंगणात घोड्यांच्या टापा वाजल्या. बर्फामुळे लांबून काही ऐकूच आलं नव्हतं, आणि वेशीवरचा पहारेकरी हात शेकायला आत जाऊन बसला होता, त्याचं भलं होवो. फटीतून पाहिलं तर बारा स्वार आणि पुढे कॅप्टन मार्साक.

पळायला जागा नव्हती. तुर्फाने आतून धावत येऊन मुलीला उचललं आणि ती बायकांच्या दालनात गेली. हम्मूदचा नेहमीचा कॉफीवाला मुतलक तीन दिवस तापाने अंथरुणाला खिळला होता. त्याचा काळाकुट्ट, तेलकट अंगरखा खुंटीला होता. हम्मूदने तो ओढून शिब्लीच्या डोक्यावरून घातला. लांब चोचीचं भांडं त्याच्या डाव्या हातात दिलं, पेले उजव्या हातात दिले.

"थोबाड बंद ठेव आणि ओत," तो म्हणाला. "आयुष्यात एकदा तरी कुणाच्या उपयोगी पड."

कॅप्टन मार्साक वाकून आत आला. हा इतर साहेबांसारखा नव्हता. तीन वर्षं डोंगरात राहिलेला, आपली भाषा बोलणारा, खिशात वही. आपल्या चालीरीतींचं त्याला भारी वेड. कुणी कुठल्या हाताने भाकरी मोडली, मोठ्याच्या आधी कोण उठलं, सगळं वहीत टिपायचा. गुडघे दुखत तरी मांडी घालून बसायचा. पाहुण्याने काय बोलायचं ते तर आमच्या पोरांपेक्षा त्याला जास्त पाठ. म्हातारे म्हणायचे, बाकीचे साहेब मारतात, हा शिकवतो. मारलेलं बरं.

"घर तुमचं आहे, साहेब," हम्मूद म्हणाला.

"घरवाल्याचं आयुष्य वाढो," मार्साक म्हणाला आणि बसला.

शिब्ली कॉफी घेऊन पुढे झाला. जन्मात त्याने पाहुण्याला कॉफी ओतली नव्हती. दुसऱ्यांनी ओतलेली पिण्यातच पंचावन्न वर्षं गेली होती. त्याने पेला काठोकाठ भरला. म्हाताऱ्यांपैकी कुणीतरी हळूच "हाय हाय" केलं. भरलेला पेला म्हणजे पाहुण्याला सरळ, पी आणि चालता हो. कॅप्टनची भुवई वर गेली.

"नवा आहे," हम्मूद घाईने म्हणाला. "मेंढ्यांमागून आणलाय. अरे गाढवा, तळाला लागेल एवढीच ओतायची असते!"

शिब्लीच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. ज्याच्या नुसत्या नावाने चौक्या रिकाम्या होतात त्याला गाढव म्हणाला व्याही, आणि चारचौघांत! पण त्याने पेला मागे घेतला, अर्धी कॉफी राखेत ओतली आणि उरलेली पुढे केली.

मार्साकने पेला घेतला. ओठांना लावला नाही. सावकाश समोरच्या गालिच्यावर ठेवला आणि हात मांडीवर घेऊन बसला.

आपल्याकडे पाहुण्याने पेला न पिता खाली ठेवला की त्याचा अर्थ एकच. माझं एक मागणं आहे, ते पुरं झाल्याशिवाय तुझी कॉफी मी पिणार नाही. आणि कॉफी न पिता पाहुणा उठला तर त्या घराची लाज गेली. एवढं सगळं त्या परक्या माणसाला ठाऊक होतं, आणि त्याने ते बरोबर वेळ साधून वापरलं.

कुणीही शहाण्याने आधी विचारलं असतं, मागणं काय आहे? पण हम्मूद सत्तर वर्षांचा होता, आणि त्याच्यासमोर आजवर हजार पेले खाली ठेवले गेले होते. कुणाला बैल हवा असे, कुणाला सून हवी असे, कुणाला भांडण मिटवून हवं असे. खाली ठेवलेला पेला दिसला की त्याची जीभ डोक्याला न विचारता चालायची. तशी ती आजही चालली.

"घ्या, साहेब, घ्या! तुमचं काम झालं म्हणून समजा."

बोलून झाल्यावर हम्मूदने स्वतःच्याच तोंडाकडे कुणीतरी दुसऱ्याने बोलल्यासारखं बघायचा प्रयत्न केला.

"शब्द?" मार्साकने विचारलं.

"शब्द," हम्मूद म्हणाला. आता दुसरं काय म्हणणार?

"मला शिब्ली हवा," मार्साक म्हणाला. "त्याची मुलगी तुमची सून आहे, आणि तिला मूल झालंय. तो इथे आलाय. माझ्या हवाली करा."

शिब्लीच्या हातातलं भांडं गरम होतं, पण त्याला पोळल्याचं कळलं नाही. त्याने व्याह्याकडे पाहिलं. हम्मूदचा चेहरा राखेसारखा झाला होता. आसरा दिलेला माणूस द्यायचा तर मेल्याहून वाईट, आणि पाहुण्याला दिलेला शब्द मोडायचा तरी तेच. म्हातारे गालिच्याची नक्षी मोजत बसले.

आणि शिब्लीला, कधी नव्हे ते, स्वतःच्या आधी दुसऱ्याचा विचार आला. आपल्याला उद्या फासावर चढवतील, एक घटका लागेल. पण हम्मूदचा शब्द पडला तर या बैठकीत कुणी पाय ठेवणार नाही. या घरातली मुलगी कुणी करून घेणार नाही. मुलगी म्हणजे कोण? सकाळी मांडीवर होती ती, त्याचं नाक घेऊन आलेली. त्याला मरणाची भीती वाटत होती, आणि खूप वाटत होती. तरी त्याने भांडं खाली ठेवलं.

"मीच शिब्ली," तो म्हणाला.

हम्मूदचे डोळे भरून आले. "हाच तो," तो कसाबसा म्हणाला. "माझा व्याही. मी माझा शब्द पुरा केला, साहेब. याला घेऊन जा आणि पुन्हा या घरी येऊ नका."

कॅप्टन मार्साकने शिब्लीला खालून वर पाहिलं. वर पोचायला वेळ लागला नाही. फेंगडे पाय, तेलकट अंगरखा, अर्धी मिशी. मग तो हसायला लागला.

"शेख हम्मूद," तो म्हणाला, "हे मी ऐकून होतो. मालकाला वाचवायला नोकर स्वतःला पुढे करतो. वहीत लिहिलंय मी. पण डोळ्यांनी आज पाहतोय!" आणि त्याने खरंच वही काढून दोन ओळी लिहिल्या.

"नोकर कोण?" शिब्ली म्हणाला.

"माणूस इमानी आहे, पण मला शिब्ली हवाय. कॉफीवाला नकोय."

"अहो, मीच शिब्ली!"

"बस, बाबा, बस. तुझी निष्ठा पोचली."

आता माणूस मरायला तयार होतो हे एक, आणि मरायला तयार झाल्यावर कुणी हसतं हे दुसरं. शिब्लीचं डोकंच फिरलं. जीव वाचत होता, गप्प बसावं की नाही? पण त्याला गप्प बसायचं सुचेल तर शपथ.

"सुपारीएवढ्या मेंदूचा माणूस आहेस!" तो ओरडला. "दरीतल्या चौकीवरून अकरा खेचरं कुणी नेली? मी नेली! त्यातलं एक लंगडं होतं, ते परत पाठवलं, आठवतंय? तुमच्या मेजरची लोखंडी खाट कुणी नेली? अजून माझ्याकडे आहे, कंबरेला बरी पडते!"

म्हाताऱ्यांनी डोळे मिटून घेतले. मार्साकचं हसू मात्र कमी झालं. लंगड्या खेचराची गोष्ट छापलेल्या कागदात नव्हती. त्याने वही मिटली.

"मुलीला बोलवा," तो म्हणाला. "बाप कोण हे तिच्याइतकं कुणाला कळणार?"

तुर्फा आली. वीस वर्षांची, बाळंतपणाने उतरलेली, डोक्यावर पांढरी ओढणी, हातांत मुलगी. तिने दारातून सगळं ऐकलं होतं. बापाकडे तिने एकदाच पाहिलं, आणि त्या नजरेत काय होतं ते शिब्लीला कळेना. रागावली की घाबरली? वीस वर्षांत पोरीची नजर वाचायला तो शिकलाच नव्हता.

"हा माणूस तुझा बाप आहे का?" कॅप्टनने विचारलं.

"हा?" तुर्फा म्हणाली. "कॅप्टनसाहेब, माझा बाप ओळखायची सोपी खूण सांगते. जो आलेला नसतो, तो माझा बाप."

तिने मुलीला छातीशी धरलं.

"मी तीन वर्षांची होते, तुर्क आले, तो डोंगरात गेला. आठ वर्षांची होते, मला देवी निघाल्या. आई एकटी उशाशी. निरोप आला, येतो. मग आईच आजारी पडली. निरोप आला, येतो. आईला पुरून सात दिवस झाले तेव्हा आला, आणि घोड्याला चारा कुठाय म्हणून विचारलं! माझं लग्न ठरलं. वऱ्हाड दारात उभं, आणि पाठवणी करायला बाप नाही. कुठाय? पूल उडवायला गेलाय. वर्षाचे एवढे दिवस, आणि पुलाला तोच दिवस मिळाला त्याला! चुलत्याने माझा हात धरून घोड्यावर बसवलं. सगळे म्हणत होते, काय भाग्यवान पोरगी, शिब्लीची लेक! मी वाटभर रडत होते. लोकांना वाटलं, माहेर सुटलं म्हणून रडतेय. कसलं माहेर?"

तिचा आवाज चढला तसा मुलीनेही सूर लावला. तुर्फाने तिला थोपटलं आणि बोलणं चालूच ठेवलं.

"आता ही झाली. आला का बघायला? हा म्हातारा चार दिवस इथे आहे. हिला मांडीवर घेतो, पाळणा हलवतो, हिच्या आजोबांशी तुपावरून भांडतो. येतो म्हणून निरोप धाडून गायब होत नाही. हा कसा असेल माझा बाप? माझा बाप असता तर पहिल्याच दिवशी घोड्यावर बसून निघून गेला असता. त्याच्यावर बायका गाणी गातात, साहेब. मी एकही गात नाही."

गोळी लागल्यावर पहिल्यांदा गार वाटतं, दुखत नाही. शिब्लीला तसं गार वाटलं.

कॅप्टन मार्साक बराच वेळ तुर्फाच्या हातांतल्या मुलीकडे बघत राहिला. आता त्याचा चेहरा साहेबाचा राहिला नव्हता.

"मलाही एक मुलगी आहे," तो म्हणाला. "आमच्या गावी. शेवटची पाहिली तेव्हा रांगत होती. आता सहा वर्षांची झाली असेल. मी पत्रं लिहितो तिला."

"काय लिहिता?" तुर्फाने विचारलं.

मार्साकने गालिच्यावरचा पेला उचलला.

"येतो म्हणून," तो म्हणाला, आणि गार झालेली कॉफी त्याने एका घोटात पिऊन टाकली. तोंड वेडंवाकडं झालं त्याचं. "तो इथे नाही, शेख हम्मूद. असल्या बापांना मी चांगला ओळखतो. तुम्ही माणूस पुढे केलात, मी घेतला नाही. तुमचा शब्द पोचला."

"पंचांसमोर म्हणताय?" हम्मूद कसला चुकतोय!

"सगळ्यांसमोर. आणि कॉफीवाला बदला. बाराही शिपाई असल्या कॉफीने मारता येतील."

स्वार वेशीबाहेर पडले. मग मात्र एकच गिल्ला झाला. म्हातारे एकमेकांच्या पाठीत बुक्के मारू लागले. हम्मूदने शिब्लीला मिठी मारली आणि लगेच ढकलून दिला.

"लंगड्या खेचराचं काय नडलं होतं तुला, मूर्खा? तुझ्या त्या फुशारकीपायी आज सगळे मेलो असतो! चल, ऊठ. घोडा सज्ज करायला सांगतो. ते वळून यायच्या आत डोंगर गाठ."

शिब्ली उठला नाही. मुतलकच्या अंगरख्यात तो निखाऱ्यांपाशी बसून राहिला होता. तुर्फा अजून दारातच होती.

"पोरी," तो म्हणाला. "बरं जमवलंस. एवढं सगळं रचून बोललीस, मलाही क्षणभर खरंच वाटलं."

"रचलं कुठे?" तुर्फा म्हणाली. "खोटं एकच बोलले. तू माझा बाप नाहीस, एवढंच. बाकी सगळं खरं होतं."

शिब्लीला रडू आवरलं नाही. गाण्यातला शिब्ली कधी रडत नाही. हा मात्र जळक्या मिशीवरून ओघळ येईपर्यंत रडला, सगळ्या म्हाताऱ्यांदेखत, आणि त्याला त्याची लाज वाटली नाही.

अंगणातून माणूस सांगत आला, घोडा तयार आहे.

"खोगीर उतरव," शिब्ली नाक पुसत म्हणाला. "आणि तूच वर जा. नायेफला सांग, सासऱ्याने खाली बोलावलंय, बायकोपाशी. तळ तोवर माझ्या उजव्या हाताने, सल्लूमने, सांभाळावा. मी पोरीचे चाळीस दिवस होईपर्यंत हलणार नाही."

"अरे, वेड लागलं का?" हम्मूद ओरडला. "आणि बंडाचं काय?"

"बंडाला चारशे माणसं आहेत. सरकारच्या लेखी मी इथे नाही, म्हणजे याहून सुरक्षित जागा हौरानात मिळायची नाही. आणि या मुलीला आजोबा एकच आहे."

"एकच?" हम्मूदचा आवाज घोडे बुजतील असा झाला. "एकच? आणि मी कोण रे? मी मेलो काय? चार दिवस माझ्या छपराखाली, माझं तूप खाऊन, माझ्याच तोंडावर..."

तुर्फा हसायला लागली. हसता हसता तिने मुलगी शिब्लीच्या मांडीवर ठेवली, आणि मान नीट धर म्हणून सांगितलं.